जंगलात चाक गेलंच आहे, आता खुर्चीचंही जाऊ द्या

जंगल म्हटलं की चढण आलीच, असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. ज्याला चढवत नाही त्याने गाडीच्या काचेतून बघावं. मला हे पटत नाही. महाड-पोलादपूरच्या जंगलात चाक फार पूर्वीच शिरलं आहे. फक्त ते माणसासाठी नाही, लाकूड आणि कोळसा बाहेर काढण्यासाठी शिरलं.

आमच्याकडचं रान कधीच अस्पर्श नव्हतं. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणून ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जायच्या. इंग्रज सरकारने रान राखीव करायला घेतलं तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतकी तक्रार झाली की फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. खैर उकळून कात काढणारे ते कातकरी. पुढे त्यांचेच हात कोळशाच्या भट्ट्यांवर राबले, बरेचदा ठेकेदाराची उचल फेडण्यासाठी. आजही मालकी रानातली उभी झाडं व्यापारी विकत घेतात, तोडतात आणि ट्रक भरून नेतात. ट्रकसाठी वाट निघते, माणसाच्या खुर्चीसाठी मात्र निघत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझी एक विद्यार्थिनी व्हीलचेअर वापरते. सहल ठरली की तिचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, पायऱ्या किती?" रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, म्हणून वर जाता तरी येतं. पण गडावर पुन्हा दगडी पायऱ्या आहेतच. आणि प्रश्न एका मुलीचा नाही. आपल्या मोहल्ल्यांत अर्धांगवायू झालेले चाचा, गुडघे गेलेल्या खाला किती आहेत ते मोजा. आखाती देशातल्या मुलाने भारीतली खुर्ची पाठवलेली असते, पण ती ओटीवरून अंगणापर्यंतच फिरते.

मग जायचं कुठे? लाकडाच्या कच्च्या वाटांवर खुर्ची चाकोरीत अडकेल. पण कशेडीचा जुना घाटरस्ता डांबरी आहे, दोन्ही बाजूंना रान आहे. बोगदा झाल्यापासून बरीच वाहतूक तिकडून जाते. या जुन्या रस्त्याचा एखादा कमी उताराचा किलोमीटरभर तुकडा निवडावा. झाड तोडायचं नाही, डोंगर कापायचा नाही. तिथे एवढंच हवं: चढ बारा फुटांना एका फुटापेक्षा जास्त नको, थोड्या थोड्या अंतरावर सपाट जागा आणि बाक, खुर्ची आत वळेल असं संडास आणि भरधाव गाड्यांना बंदी. ऐन कुठला, खैर कुठला, भट्टी कशी लावायचे, हे सांगायला वाडीवरच्या कातकरी बांधवांना रोजंदारीवर नेमावं. हा इतिहास त्यांच्या अंगावरून गेला आहे, तो त्यांच्याच तोंडून ऐकावा.

कोणी म्हणेल, दरड कोसळते, रस्ता खचतो. खरं आहे. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि पोलादपूरच्या गावांनी काय भोगलं ते आम्ही पाहिलं आहे. म्हणून पावसाळ्यात तो तुकडा बंद ठेवावा, दिवाळीनंतर तपासून उघडावा. कोणी म्हणेल, आधी दवाखान्यात रॅम्प करा, मग फिरायचं बघू. दवाखान्याचा रॅम्प हवाच. पण आजारी पडायलाच घराबाहेर पडायचं, हे कसलं जगणं? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा विरंगुळ्याचाही हक्क मानतो.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतलं अंतर महाडइतकं कोणत्या गावाला कळावं? चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. जातीचा अन्याय आणि पायऱ्यांचा अडथळा एक नाहीत, मी तशी तुलना करत नाही. पण सार्वजनिक जागा सर्वांची, हे याच गावाने देशाला शिकवलं.

रस्त्यातला त्रासदायक अडथळा दूर करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काटा आणि दगड आपण उचलतो, तशीच पायरीही अडथळा म्हणून बघू या. ग्रामपंचायत, वनखातं आणि बांधकाम खातं यांच्याकडे पहिली मागणी साधी आहे: या दिवाळीनंतर जुन्या घाटाची पाहणी करा, आणि पाहणीच्या वेळी सोबत एक व्हीलचेअरवरचा माणूस असू द्या. कुठे थांबावं लागतं ते तो सांगेल.