पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगी दिसायला जेमतेम सहा वर्षांची. चेहरा पांढुरका, हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे आलेले. अधूनमधून पातळ शौचाला व्हायचे. मी जंताचे औषध दिले, लोहाचे टॉनिक लिहून दिले आणि वर सल्ला दिला की, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि पोळी पोटभर खाऊ घाला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन होते तिथेच. मी टॉनिक बदलले. असे करता करता वर्ष गेले. अखेर तिला जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी रक्ताची एक तपासणी सांगितली आणि आजाराचे नाव कळले : सीलिॲक. जी पोळी खाऊन अंगाला रक्त लागेल असे मी सांगत होतो, तीच पोळी त्या मुलीच्या आतड्याचे नुकसान करीत होती.

ही चूक माझी. ती सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या जिल्ह्यात अशी आणखी मुले असणार, त्यांनाही वर्षानुवर्षे टॉनिक पाजले जात असणार.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक तिंबल्यावर जो चिवटपणा येतो, तो याच प्रथिनामुळे. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते. शरीराची संरक्षणव्यवस्था त्याच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत लहान आतड्याचे अस्तर झिजते. या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते व तीच अन्नरस शोषून घेते. लव झिजली की खाल्लेले अंगी लागत नाही. मग लोह कमी, कॅल्शियम कमी, मुलांची उंची खुंटते, वयात येणे लांबते. जुलाब असतातच असे नाही. कोणाला फक्त पोटफुगी, कोणाला बद्धकोष्ठता, तर कोणाला गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, एवढेच लक्षण असते.

या आजाराचे नेमके वर्णन लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी १८८८ साली केले. पण दोषी गहू आहे हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना गहू हेच या आजाराचे मूळ असल्याचा संशय आधीपासून होता. पावाविना ही आजारी मुले सुधारतात आणि पाव परत आला की पुन्हा ढासळतात, हे दिसल्यावर तो पक्का झाला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. आजही या आजारावर उपाय तोच आहे : ग्लुटेन कायमचे बंद. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही.

'हा विलायती आजार, आपल्याकडे कुठला?' असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आपल्या देशात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत तो जास्त आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत फारच कमी आढळतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे आणि आपल्याकडचे ताट गेल्या दोन पिढ्यांत भाकरीकडून पोळीकडे सरकले आहे, हे विसरू नये.

आता तपासणीविषयी. पहिली पायरी रक्ताची. 'टीटीजी-आयजीए' या नावाने ती ओळखली जाते. सोबत एकूण आयजीए मोजणे चांगले, कारण काहींच्या रक्तात आयजीएच कमी असते आणि मग आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवतात. अहवालात दोष दिसला तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने लहान आतड्याच्या अस्तराचा कण काढून तपासतात. काही मुलांत रक्ताचा अहवाल इतका स्पष्ट असतो की दुर्बिणीची गरज पडत नाही. पण ते तज्ज्ञांनी ठरवायचे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू थांबवला की रक्तातला दोष हळूहळू उतरतो, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी फसते. मग निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा गहू खावा लागतो आणि तो त्रास भोगावा लागतो. हल्ली मोबाईलवर कोणी सांगितले म्हणून परस्पर गहू सोडणारे रुग्ण माझ्याकडे येतात. ज्याला हा आजार नाही व गव्हाने त्रासही होत नाही, त्याने गहू सोडून काही विशेष साधत नाही. आणि ज्याला तो आहे, त्याचे निदान मात्र लांबते.

दुसरी गोष्ट घरातल्या इतरांची. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे, मुले यांच्यात साधारण बारा-पंधरांत एकाला तो निघतो. म्हणून एकाचे निदान झाले की बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे. आमच्या शिक्षकांच्या घरी सर्वांची तपासणी झाली. वडील आणि धाकटा मुलगा निर्दोष निघाले. दोष निघाला तो आईच्या रक्तात. या बाईंना लग्नापासून अशक्तपणा, दोनदा गर्भपात झालेला, हाडे सतत दुखायची. 'बायकांचे रक्त कमीच असते,' असे सासरी आणि माहेरीही सांगितले गेले. डॉक्टरांनीही तेच सांगितले, त्यांत मीही होतो. मुलीला वेगळी भाकरी करून देणारी ही आई स्वतः मात्र रात्रीच्या उरलेल्या पोळ्या संपवत बसली होती. मुलीची तपासणी झाली नसती तर आईचे दुखणे कोणाच्या लक्षातही आले नसते.

राहिला प्रश्न रोजच्या जेवणाचा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, सर्व डाळी, बेसन, दूध, अंडी, मांस-मासे, भाज्या, फळे हे सगळे चालते. म्हणजे कोकणातला भात, सोलापूरची ज्वारीची भाकरी, खानदेशातली कळण्याची भाकरी हे सारे घरचेच पथ्य आहे. डब्यातली महागडी ग्लुटेनमुक्त पिठे आणि बिस्किटे आणायची काहीच गरज नाही. आणायचीच झाली तर वेष्टनावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापलेले आहे ना ते पाहावे.

गहू लपून येतो तो भलत्याच वाटेने. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया हा गहूच. खपली गहू पौष्टिक असेल, पण तोही गहूच. सातू म्हणजे जव, तोही वर्ज्य. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू पडतो. बाजारच्या बांधानी हिंगात बरेचदा मैदा असतो. माल्ट घातलेली दुधाची पावडर जवापासून केलेली असते.

सर्वांत मोठा धोका मात्र गिरणीत आहे. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की पिठात गहू उतरतो. या रुग्णाला चिमूटभर पीठही रोज पोटात गेले तर बाधते. शक्य असेल त्यांनी घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. परात, तवा, पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. पुरी तळलेल्या तेलात साबुदाणा वडाही तळू नये.

हे सगळे एका मुलीसाठी वेगळे करायचे, की घरच बदलायचे? माझे स्पष्ट मत आहे की, घरच बदलावे. शिक्षकांकडे सुरुवातीला मुलीचे ताट वेगळे असायचे. चौघे पोळी खायचे आणि ती बाजूला भाकरी घेऊन बसायची. महिनाभरात तिने जेवणच कमी केले. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातली पोळी लपून खाऊ लागली. आजींचे म्हणणे, "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय? आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायचं नसतं." आजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते. मी त्यांना बोलावून आतड्याचे चित्र काढून दाखवले. चित्र पाहून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी पोळी सणालाच असायची." पुढच्या पूजेला प्रसादाचा शिरा त्यांनी तांदळाच्या रव्याचा केला आणि तो सर्वांनाच वाटला. आता त्या घरी रोज भाकरीच होते. पोळी हवी असेल त्याने बाहेर खाऊन यावे, असा आजींचाच दंडक आहे.

यजमानांनाही विनंती आहे. लग्नकार्यात असे मूल 'नको' म्हणाले तर आग्रह करू नका आणि 'नाटकं करते' असे तर मुळीच म्हणू नका. वरणभात वाढताना पोळीचा चमचा त्यात जाऊ नये, एवढे पाहिले तरी पुरे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. तीन महिने लोह देऊनही रक्त वाढत नसेल, मुलाची उंची अडली असेल, लहान वयात इन्सुलिन लागणारा मधुमेह असेल किंवा थायरॉइडचा विकार असून पोटाच्या तक्रारी असतील, तर टॉनिक बदलण्याआधी ही एक तपासणी लिहून द्यावी. मी ती वर्षभर उशिरा लिहून घेतली. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिची उंची चांगली वाढली, पण वर्गात ती अजूनही पहिल्या बाकावरच बसते. तिची आई परवा दवाखान्यात आली होती. हिमोग्लोबिन बारा भरले. आयुष्यात पहिल्यांदा, असे त्या म्हणाल्या.