पुराची खूण नसलेलं सोनं

गोदेला पूर आला की नाशिकच्या सराफ बाजाराचं लक्ष नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे लागतं. पाणी मूर्तीच्या छातीपर्यंत चढलं, की दुकान आवरायची वेळ झाली हे कुणाला सांगावं लागत नाही. सोन्याच्या भावाला अशी खूण नाही. तरीही युद्ध, आयातशुल्क, व्याजदर यांची बातमी आली की आज घेऊन आठवड्यात विकू म्हणणाऱ्यांची संख्या वाढते.

दुकानातून घेतलेल्या सोन्यात हा हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो. एक लाखाचं वेढणं घेतलं की 3 टक्के जीएसटीचे तीन हजार रुपये गेले. दागिना असेल तर घडणावळ वेगळी. आठवड्याने तेच वेढणं तराजूत ठेवलं, तर या खर्चातला एक पैसाही परत मिळत नाही.

म्हणून मग मोबाइलवरचा वायदा. तिथला धोका नीट सांगितला जात नाही, ही खरी तक्रार आहे. एमसीएक्स या वायदे बाजारातला गोल्ड मिनी हा सौदा 100 ग्रॅमचा. भाव दहा ग्रॅममागे हजार रुपयांनी हलला की खात्यात दहा हजारांचा फरक पडतो, आणि मार्जिन म्हणून भरलेली असते सौद्याच्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा रक्कम. 23 जुलै 2024 ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि भाव त्याच दिवशी दहा ग्रॅममागे सुमारे चार हजारांनी कोसळला. तेजीच्या बाजूला असलेल्याचे एका मिनी सौद्यात चाळीस हजार गेले. त्याने भरलेले होते सत्तर-पंचाहत्तर हजार.

ठरलेल्या भावाला सौदा आपोआप तोडणारा स्टॉपलॉस लावला की झालं, असं सांगणारे भेटतात. पण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय येतो तो उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. वायदे बाजार उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात बाराला पाच मिनिटं कमी असताना बंद होतो. सकाळी नऊला भाव उघडतो तो कधी कधी थेट स्टॉपलॉसच्याही खाली. झोपेत झालेलं नुकसान मग सकाळी मोजायचं.

अनुभव शेअर बाजारातही वेगळा नाही. 2024 मध्ये सेबीने तीन आर्थिक वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा शेअरच्या वायदे-पर्यायांत उतरलेल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झालेला दिसला.

नाशिकसाठी हे जास्त बोचरं आहे. लासलगावच्या कांदेवाल्याचं, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचं वर्ष आधीच भावावर टांगलेलं असतं. बाग उतरल्यावर हाती आलेला पैसा औषधांच्या उधारीचा, पुढच्या छाटणीच्या मजुरीचा असतो. तो पुन्हा दुसऱ्या भावावर लावायचा सल्ला त्या घराला कुणी देऊ नये. अनिश्चिततेत सोनं धरून ठेवणं हे जुनं शहाणपण आहेच. गरजेला ते गहाण ठेवून पीक उभं राहतं. आठवड्याच्या सौद्याला त्याच शहाणपणाचं नाव देणं चुकीचं आहे.

20 ऑक्टोबर 2025 ला जागतिक भावाने औंसामागे सुमारे 4,380 डॉलरचा तोवरचा उच्चांक गाठला. दुसऱ्या दिवशी तो पाच टक्क्यांहून जास्त कोसळला. महाराष्ट्रात त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. गुरुपुष्यामृताला ग्रॅम-दोन ग्रॅम करत मुलीसाठी जमवलेली वेढणी त्या संध्याकाळी कितीतरी घरांत पूजेच्या पाटावर होती, आणि ती विकायची नव्हती.