विमा तपासायचा तर काट्यावर तपासा

वाहनाचा विमा ऑनलाइन तपासून चलन फाडणे म्हणजे गरिबाच्या खिशात हात घालणे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसतोच. आपल्या गाडीखाली येणाऱ्यासाठी असतो. शिरूर-चौफुला रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉलीवर आदळणारा दुचाकीस्वार, रांजणगावच्या पाळीवरून परतणारा कामगार, हेही गरीबच ना? धडक देणारे वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. वाहन सापडले, पण विमा नसला, तर ते दोन लाखही नाहीत. न्यायाधिकरण मालकावर भरपाई बसवते. मग एक तर त्याच्या जमिनीवर जप्ती येते, नाहीतर निकाल कागदावरच राहतो. साध्या मोटारसायकलच्या या विम्याचा वर्षाचा हप्ता 714 रुपये, वर कर.

दुसरा आक्षेप नोंदींचा. विमा काढूनही सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून आधी नोटीस द्यावी, पॉलिसी दाखवायला मुदत द्यावी, दंड त्यानंतर. पण चुकीच्या नोंदी दुरुस्त करायच्या असतात; त्यांच्यापायी तपासणी सोडायची नसते. पॉलिसीचा बनावट कागद नाक्यावरच्या हवालदाराला ओळखता येत नाही, विमा कंपनीच्या नोंदीशी ताडला की उघडा पडतो.

ओडिशाने 2024 च्या फेब्रुवारीत टोलनाक्यांवरच ही ई-तपासणी सुरू केली. आपल्याकडे पाटसच्या नाक्यावर ती सोलापूर महामार्गापुरती उपयोगी पडेल. शेतातून साखर कारखान्याकडे जाणारा ट्रॅक्टर मात्र टोलनाका ओलांडतच नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही इथेच आहे. हंगामाआधी कारखाने ऊसवाहतुकीचे करार करतात. त्याच वेळी ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून विमा पाहावा. हंगामात वजनकाट्यावर पुन्हा पाहावा. विमा संपला असेल, तर आधी तो काढायचा, मग खेप.

दुचाकींचे दुखणे वेगळे. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा विकत घेतानाच काढावा लागतो. विसर पडतो तो सहाव्या वर्षी. मालकाचा मोबाइल नंबर सरकारदरबारी असतो. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी मराठीतून संदेश गेला पाहिजे. दौंडची गाडी बारामतीच्या नोंदीत, शिरूरची पुण्याच्या. दोन्ही परिवहन कार्यालयांनी हे काम यंदाचे गाळप सुरू होण्याआधी हाती घ्यावे.