जिनिव्हातील उसनी खुर्ची

महाबळेश्वरच्या सर्वांत उंच जागेला विल्सन पॉइंट म्हणतात. हे नाव राष्ट्रसंघाचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकी अध्यक्षांचे नव्हे. ते 1923 ते 1928 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सन यांचे. उन्हाळ्यात इलाख्याचा कारभार याच डोंगरावरून चाले. जिनिव्हात न्यायाची आणि शांततेची भाषणे होत होती त्याच वर्षांत आपला राज्यकर्ता लंडनहून नेमला जात होता. तरीही हिंदुस्थान त्या राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता!

आपल्या अभ्यासवर्गांत राष्ट्रसंघ का बुडाला असे विचारले की ठरलेले उत्तर येते : त्याच्यापाशी सैन्य नव्हते, अमेरिका बाहेर राहिली, एकमताची अट आड आली. हे खोटे नाही. पण त्यावर थांबणे म्हणजे दुखणे सोडून लक्षणांवर बोलणे होय.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे या एका गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या रक्ताच्या हिशेबावर हिंदुस्थानला तहाच्या मेजावर जागा मिळाली. बसले मात्र भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज. 28 जून 1919 रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या त्यांच्या. काँग्रेसने डिसेंबर 1918 मध्ये दिल्लीला टिळक, गांधी व हसन इमाम यांना प्रतिनिधी निवडले होते. टिळक तेव्हा इंग्लंडातच होते, पण त्यांना पॅरिस गाठू दिले गेले नाही. परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरले नाही. नव्या सभासदांसाठी घटनेत स्वयंशासनाची अट होती. हिंदुस्थान तहावर सही करणारा म्हणून तीतून सुटला, आणि ब्रिटनच्या पारड्यात एक मत वाढले.

वंशसमानतेचे तत्त्व घटनेत घालावे ही जपानची सूचना 17 पैकी 11 मते मिळूनही अध्यक्षस्थानावरून विल्सनसाहेबांनी एकमत नाही म्हणून फेटाळली. पुढे त्याच जपानने 1931 मध्ये मांचुरिया गिळला. चौकशीला गेले ते लॉर्ड लिटन, बंगालचे माजी गव्हर्नर! अहवाल प्रामाणिक होता, हे मान्य केले पाहिजे. पण परमुलूख बळकावू नये हा उपदेश कोणाच्या तोंडून यावा, यालाही काही अर्थ असतो. जपानने मार्च 1933 मध्ये राष्ट्रसंघ सोडण्याची नोटीस दिली.

अॅबिसिनियाच्या वेळी तर सैन्याच्या अभावाची सबबही पुरत नाही. 1935 मध्ये इटलीवर आर्थिक बहिष्कार पुकारला गेला. त्यातून तेल वगळले. सुवेझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला राहिला. ब्रिटन व फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री अॅबिसिनियाचा मोठा मुलूख मुसोलिनीला देऊन सौदा मिटवण्याच्या खटपटीत होते. साधन हाताशी होते. वापरायची इच्छा नव्हती. ज्यांची स्वतःची साम्राज्ये तलवारीने मिळवलेली, ते आफ्रिकेतील एका स्वतंत्र राष्ट्रासाठी आपल्या व्यवहाराला तोशीस का लावून घेतील? हैले सेलासी जून 1936 मध्ये जिनिव्हात येऊन बोलले. पुढच्याच महिन्यात बहिष्कार उठला.

1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा तेच घडले. हिंदुस्थानच्या वतीने सरकारने नेमलेली मंडळी आत, आणि स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या विजयालक्ष्मी पंडित सभागृहाबाहेर. एकमताची अट गेली, पण पाच बड्यांचा नकाराधिकार आला.

आज आपले सरकार सुरक्षा समितीत कायमची जागा मागते आणि त्यात आपल्यालाही अभिमान वाटतो. मागणी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण सहावा नकाराधिकार मिळवणे म्हणजे शांततेची व्यवस्था सुधारणे, ही समजूत पक्षात रुजता कामा नये. भारताने आजवर दोन लाखांहून अधिक सैनिक शांतिकार्यासाठी परदेशी धाडले. त्यांतील दीडशेहून अधिक परत आले नाहीत. त्यांना कोठे व कशासाठी पाठवायचे याचा ठराव ज्या मेजावर होतो, तेथे सैनिक देणाऱ्या राष्ट्रांना मत हवे. बांगलादेश, नेपाळ, रवांडा हीही माणसे देणारीच राष्ट्रे आहेत. आपल्या ठरावात खुर्चीच्या आधी ही मागणी आली पाहिजे.