पहाटेची हवा

किरणोत्सर्ग म्हटला की डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते. फार तर तारापूरची अणुभट्टी. चोरखमाऱ्याचा तलाव कोणाच्या डोळ्यांपुढे येणार? नागझिऱ्याच्या जंगलाच्या तोंडाशी वसलेले हे आमचे गाव. पण पौषातल्या पहाटे तलावावर आणि कापणी झालेल्या बांध्यांवर धुके बसलेले असते, तेव्हा त्या निर्मळ म्हणवणाऱ्या हवेतही किरणोत्सर्ग असतो, आणि तो बहुधा दुपारपेक्षा जास्त!

हे अणुबाँबचे पाप नव्हे. माती-खडकांतील युरेनियमपासून रेडियम होते, रेडियमपासून रेडॉन. या वायूला ना रंग, ना वास. जमिनीतून तो वर येतो आणि ३.८ दिवसांत निम्मा उरतो. एल्स्टर आणि गायटेल या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०१ सालीच हवेतला किरणोत्सर्ग दाखवून दिला होता. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन पडून राहते, वर उबदार हवेचे जणू झाकण बसते. रेडॉन खाली कोंडतो. ऊन चढले, हवा ढवळली, की तो पांगतो.

पावसाची तऱ्हा निराळी. रेडॉनपासून झालेले शिसे-बिस्मथचे किरणोत्सर्गी कण सरीबरोबर खाली येतात. जमिनीवरचा किरणोत्सर्ग थोडा वेळ वाढतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो. उलट चिंब भिजलेली माती रेडॉनला वर येऊच देत नाही. तेव्हा भर पावसात यंत्रावरचा आकडा दाखवून कोणी गावात बोभाटा केला, तर आपण कलाशाखेच्या मुलांनीही विचारावे : कोणत्या वेळी मोजले? कोणत्या ऋतूत?

माझ्या मते खरी काळजी उघड्या रानाची नाही, बंद खोलीची आहे. तिथे रेडॉन साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉन येतो, आणि धूम्रपान करणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी अधिक. तेंदूपत्ता आणि बिडी यांवर ज्या जिल्ह्यात कित्येक घरांची चूल पेटते, तिथे हे बोलणे जड जाते.

आमचे आजोबा हिवाळ्यात दारे-खिडक्या गच्च लावून आत बिडी ओढत बसतात. यंदा मी खिडकी उघडली. थंडी शिरली म्हणून ते रागावले. बिडीचा विषय मी अजून काढलेला नाही.