विषारी दारूचे बळी : प्रश्न बंदीचा की मिथेनॉलचा?

तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे जून २०२४ मध्ये विषारी दारूने साठाहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्यापूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात आणि जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत असेच मृत्युसत्र घडले होते. एकट्या मालवणीत १०६ जण दगावले. अशी दुर्घटना घडली की दारूबंदी असावी की नसावी, हा जुना वाद नव्याने रंगतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. बिहारने ती एप्रिल २०१६ मध्ये लागू केली. याउलट तमिळनाडूत सरकारी महामंडळच दारू विकते, तर महाराष्ट्रात परवानाधारक दुकाने आहेत. धोरणे परस्परविरोधी असली तरी या घटनांत बळी गेले ते प्रामुख्याने हातावर पोट असलेले, स्वस्त दारू शोधणारे लोक, आणि त्यांचा घात केला तो मिथेनॉल या एकाच रसायनाने.

मिथेनॉल अनेक उद्योगांत वापरले जाते. ते पिण्याच्या मद्यार्कासारखेच दिसते आणि स्वस्तही पडते. बोटाद प्रकरणात अहमदाबादच्या एका गोदामातून सुमारे ६०० लिटर मिथेनॉल बाहेर काढून, त्यात पाणी मिसळून ते विकण्यात आल्याचे तपासात उघड झाले. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल बनते. त्याने प्रथम दृष्टी आणि नंतर प्राण जातो. लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाल्यास रुग्ण वाचू शकतो.

परंतु हे मोलाचे तास भीतीपोटी वाया जातात. दारू पिणे हाच गुन्हा असेल, तर रुग्णालयात जाण्यास रुग्ण आणि नातेवाईक कचरतात. सारण येथील मृतांची संख्या राज्य सरकारने ४२ सांगितली, तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या चौकशीत ती किमान ७७ आढळली. ही तफावत पुरेशी बोलकी आहे.

केवळ कठोर शिक्षेनेही प्रश्न सुटलेला नाही. अहमदाबादमध्ये २००९ साली शंभराहून अधिक बळी गेल्यानंतर गुजरातने कायद्यात मृत्युदंडाची तरतूद केली, तरीही बोटाद घडले. मालवणी खटल्यात चौघांना दहा वर्षांची शिक्षा झाली ती २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार बहुमताने मान्य केला. कारखान्यातील रसायन गुत्त्यापर्यंत पोहोचू न देण्याची राज्यांची जबाबदारी या निर्णयाने अधिक स्पष्ट झाली आहे. मिथेनॉलच्या प्रत्येक टँकरचा आणि साठ्याचा हिशेब, जिल्हा रुग्णालयांत उताऱ्याची उपलब्धता आणि उपचारासाठी येणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही अशी हमी, या तीन गोष्टी दारूबंदी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या राज्यांना करता येण्याजोग्या आहेत. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीबरोबरच सार्वजनिक आरोग्य सुधारणे हेही राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. बंदीविषयी मतभेद राहतील. या दुसऱ्या कर्तव्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.