भांगाच्या दुपारी

शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या, रंगपंचमी झाली आणि पाडव्याला अजून आठवडा आहे. होळीच्या पुनवेचे उधाण ओसरून खाडीला आता भांग लागला आहे, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. वर्तमानपत्रांतून मासळीची बातमी येते ती पापलेटच्या भावाची किंवा एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींची. खाडीची बातमी येते ती मेलेले मासे पाण्यावर तरंगू लागले म्हणजे. यंदा ती येण्याआधीच लिहावे म्हणून हा प्रपंच.

फाल्गुन-चैत्रात खाडी पुरती खारी होते. पावसाळ्यात समुद्राकडे रेटलेले खारे पाणी मार्गशीर्षापासून पुन्हा वर सरकू लागते आणि नद्या आटल्या की आतल्या गावांपर्यंत पोचते. त्याच्यामागून तांबोशी आणि मुडदुशी वर चढतात. कांदळवनाच्या मुळांशी कोळंबीची पिल्ले वाढत असतात. मोठी झाल्यावर ती समुद्रात जातात आणि ट्रॉलरच्या जाळ्यात सापडतात. म्हणजे ज्या कोळंबीवर निर्यातदार डॉलर मोजतात, तिचे बालपण खाडीत गेलेले असते. खाडीच्या नावावर मात्र त्यातले काहीच जमा होत नाही.

खाडीकाठच्या माणसाला भरतीचे कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पाणी दुपारच्या सुमाराला भरते आणि सुकती येते पहाटे आणि संध्याकाळी, सहाच्या आगेमागे. उन्हाच्या आधी बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात, त्या तिसऱ्या आणि कालवांसाठी. सूर्य विषुववृत्तावर असतो त्या सुमाराची ही उधाणे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी. पाणी जोराने आत येते, जोराने बाहेर जाते आणि खाडी धुऊन निघते.

आता हाच हिशेब अष्टमीला लावून पाहा. आठची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी बरोबर भर दुपारी बाराला. भांगाचे पाणी मुळात कमी चढते आणि कमी उतरते. आले तेवढेच थोडे मागे जाऊन पुन्हा वर येते. उथळ झालेल्या या पाण्यावर चैत्राचे ऊन उभे राहते. खाडीच्या मुखापासून जितके आत जावे तितकी भरती-ओहोटी उशिरा पोचते, त्यामुळे वरच्या गावांना हा उथळपणा आणखी कडक उन्हात गाठतो. मुंबईकडून दक्षिणेला येताना भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांना धुणारे पाणी आधीच थोडे.

तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. पाणी समुद्राइतके खारे असेल तर त्याच 30 अंशांना जेमतेम सव्वासहा. हे झाले स्वच्छ पाण्याचे. त्यात कुजणारे काही पडले की हा साठा झपाट्याने संपतो, आणि तो दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. निवटे चिखलावर येऊन हवेत श्वास घेतात, त्यांचे भागते. बोयटाला आणि तांबोशीला ती सोय नाही.

दाभोळच्या खाडीत हे सारे एकत्र पाहायला मिळते. वाशिष्ठी चिपळूणहून येते, खेडकडची जगबुडी तिला मिळते आणि दोघी दाभोळ-अंजनवेलीच्या मधून समुद्राला जातात. काठावरचे भोई पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आले. इतर बहुतेक कोकणी नद्या चैत्रात कोरड्या ठणठणीत, पण वाशिष्ठी तेव्हाही वाहते, कारण सह्याद्रीपलीकडच्या कोयनेचे पाणी वीज करून झाल्यावर पश्चिमेला तिच्यात सुटते. कृष्णा लवादाने या कामासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी मान्य केले. एवढे गोडे पाणी उन्हाळ्यात मिळणारी दुसरी खाडी कोकणात नाही. वरवर पाहता हे भाग्यच, पण गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्यावर तरंगते आणि भांगात दोन्ही थर घुसळून निघत नाहीत. मग तळच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही. शिवाय कोयना चालते ती विजेच्या मागणीप्रमाणे. पाणी कधी आणि किती सुटेल हे महाराष्ट्रातले पंखे आणि एसी ठरवतात, खाडीतला मासा त्या हिशेबात कुठेच नाही.

या खाडीच्या वरच्या अंगाला लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. तिथले प्रक्रिया केलेले सांडपाणी करंबवण्याच्या बाजूला खाडीत सोडले जाते आणि मेलेल्या माशांच्या बातम्याही वर्षानुवर्षे त्याच टापूतून येतात. दरवेळी नमुने घेतले जातात आणि अहवालाची वाट पाहिली जाते. तोवर उधाण येऊन गेलेले असते आणि पाणी निवळलेले असते. प्रक्रिया ठीक होते की नाही हा वाद महत्त्वाचाच आहे, पण आमचे म्हणणे त्याच्याही अलीकडचे आहे. तेच पाणी पुनवेच्या ओहोटीला सोडले तर बरेचसे मुखाकडे जाईल. अष्टमीच्या दुपारी सोडले तर ते दिवसेंदिवस त्याच चार वाड्यांसमोर मागेपुढे हेलकावत राहील. पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्या समाजाला सांडपाण्याची तिथी पाहणे अवघड नसावे.

सरकारची मासेमारी मात्र खाडीच्या मुखाशी संपते. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा, 2021 ची त्यातली दुरुस्ती, पर्ससीनचे वाद, 1 जूनपासूनची पावसाळी बंदी, सगळे लक्ष खोल पाण्याकडे. खाडीतल्या रेतीचा लिलाव महसूल खाते करते, पाण्याचे नमुने प्रदूषण मंडळ घेते, कांदळवन वनखात्याच्या कक्षाकडे, आणि पागेर जाळे घेऊन उभा असलेला माणूस कोणाकडेच नाही. अलीकडे पर्यटकांना होडीतून मगरी दाखवायचा धंदा वाशिष्ठीत बरा चालतो. चिखलावर पसरलेली मगर पाहून माणसे खूश होतात. तीही त्याच माशांवर जगते हे सांगायला कोणी जात नाही.

उद्योग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. लोट्याच्या कारखान्यांत खाडीकाठचीच मुले कामाला जातात. मागणे साधे आहे. फाल्गुन ते वैशाख या काळात भांगाचे चार-चार दिवस सांडपाणी टाक्यांत धरून ठेवावे, आणि एरवीही ते ओहोटी लागल्यावरच सोडावे. त्यासाठी टाक्या वाढवाव्या लागतील, तो खर्च वसाहतीने करावा. कोयनेचे पाणी कधी सुटणार याची सूचना खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना आदल्या दिवशी मिळावी.

आणि सुरुवात म्हणून एक काम लगेच होण्यासारखे आहे. रामनवमीच्या आदल्या दिवशी चैत्र शुद्ध अष्टमी आहे. त्या दुपारी प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी भोयांच्या होडीतून करंबवण्याच्या पाण्यात जावे, वरच्या आणि तळच्या थरातला प्राणवायू मोजावा आणि तो आकडा संध्याकाळच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.